इन्सब्रुकला जाऊन आलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी विजेची किटली आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्या झाकणाचं बोंड दोनदा बदललं आहे आणि प्लग तीनदा. पोट पितळेचं, वरून निकेलचा मुलामा. तो नाकाजवळ उडाला आहे, त्यामुळे मी जरा सर्दी झाल्यासारखी दिसते. लोक मला उचलून विचारतात, "ही अजून चालते?" चालते हो, चांगली चालते. मध्ये चौदा वर्षं मी चालत नाही असं माणसांनी ठरवून टाकलं होतं, तो भाग वेगळा.

माझा जन्म नागपुरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला, १९६९ साली. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या तळाशी पत्र्याची एक पट्टी ठोकली. तिच्यावर लिहिलं होतं, '२३० व्होल्ट, ७५० वॅट'. ही पट्टी तेवढी लक्षात ठेवा. माणसं झाकण पाहतात, दांडी पाहतात, किंमत विचारतात, पण तळ काही कुणी वाचत नाही.

मला विकत घेतलं लतिकाबाईंनी. बाई शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या वस्तीतल्या त्या पहिल्या शिक्षिका. शिक्षकांच्या खोलीत रोज चहा व्हायचा, पण बाईंच्या वेळेला नेमका कप कमी पडायचा. तोंडावर कुणी काही बोलत नसे. लोक शिकलेले होते ना! वर्षभर बाईंनी ते पाहिलं आणि एके दिवशी मला पिशवीतून आणून टेबलावर ठेवलं. सोबत सहा कप. "ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा," एवढंच म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या. पहिला महिना पाच कप कोरडे राहिले. मग एका पावसाळी दुपारी गणिताचे सर आले, मग हिंदीच्या बाई आल्या. वर्षभरात सहा कप पुरेनासे झाले. तेव्हा मी दिवसाला बारा वेळा उकळत होते, हे अभिमानाने सांगते.

बाई सातवीला आल्प्स शिकवायच्या. पुस्तकात एकच चित्र होतं. इन्सब्रुक नावाचं जुनं शहर, दोन्हीकडे उंच, रंगीत घरं, मधून सरळ रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला थेट बर्फाचा डोंगर. १९७३ साली सातवी ब मध्ये नरेंद्र नावाच्या मुलाने हात वर केला. "बाई, तुम्ही पाहिलंय हे?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण मागच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसलं. आणि बाई म्हणाल्या, "पाहिलंय."

मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. "खोटं बोलले ग," माझ्या झाकणाकडे बघत त्या म्हणाल्या. "मी तर भुसावळच्या पलीकडे गेले नाही." त्यांनी मला स्वतःच्या हाताने पुसलं, चहा मात्र घेतला नाही. हे गुपित माझ्याकडे तेव्हापासून आहे. किटलीचं एक बरं असतं, तिला कुणी काही विचारत नाही.

पुढे शाळेत गॅसची शेगडी आली आणि बाईंनी मला घरी नेलं. १९८४ मध्ये त्यांचा मुलगा सुभाष संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला निघाला. बाईंनी मला त्याच्या बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये बसवलं. "तिथे बर्फ पडतो म्हणतात. गरम पाणी पीत जा," त्या म्हणाल्या. सुभाषने ॲन आर्बरला पोचल्यावर पाहिलं, माझा तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत जात नाही. त्याने तो कापला आणि दोन चपट्या पात्यांचा अमेरिकन प्लग लावला. झालं काम, असं त्याला वाटलं.

मित्रांनो, तिथल्या भिंतीतून वीज येते ती एकशे दहा व्होल्टची. मी बटण दाबल्याबरोबर जीव तोडून कामाला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. पाणी नुसतं कोमट! सुभाषने बोट घालून पाहिलं आणि हसला. महाराष्ट्रातून आलेले त्याचे मित्र जमले की मी एक गंमत व्हायची. "अरे, चहा टाकलाय का आंघोळीचं पाणी?" कुणी म्हणे, "इंडियन माल आहे यार, सोड." सुभाषने आईला पत्रात लिहिलं, 'किटली बिघडली.' पुढे त्याचं शीलाशी लग्न झालं, मैत्री जन्मली, घर झालं, आणि त्या घराच्या तळघरात, बर्फातल्या बुटांशेजारी, एका फळीवर मला जागा मिळाली. मला राग नव्हता. वाईट मात्र वाटलं, ते कशाला लपवू?

त्या घराला गरम हवेच्या नळ्या होत्या आणि प्रत्येक खोलीत जमिनीला जाळी. स्वयंपाकघरातलं बोलणं त्या जाळीतून सरळ माझ्यापर्यंत यायचं. म्हणून मला त्या कुटुंबाची सगळी खबर असे.

१९९८ च्या एप्रिलमध्ये जाळीतून एक आवाज आला आणि मी फळीवर ताठ झाले. लतिकाबाई! सहा महिने राहायला आल्या होत्या. वय एकोणसत्तर, गुडघे गेलेले, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं, म्हणून तिसऱ्याच दिवशी कठडा धरून त्या खाली उतरल्या. मला पाहिल्यावर त्यांनी कपड्यांची टोपली खाली ठेवली.

"इथं आहेस होय ग तू बाप्पा!" त्या म्हणाल्या आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

मग त्या रोज येऊ लागल्या. मशीन फिरे तोवर एका उलट्या बादलीवर बसत आणि बोलत. जुलैत त्यांनी एक पत्र आणलं आणि मला वाचून दाखवलं. 'आदरणीय बाई, सविनय जय भीम. मी आपला विद्यार्थी नरेंद्र, आता आपल्याच शाळेत भूगोल शिकवतो. सातवीला आल्प्स शिकवताना दरवर्षी मुलांना सांगतो, की माझ्या बाई स्वतः हे पाहून आल्या होत्या. आपण परत आल्यावर शाळेत सत्कार ठेवला आहे. आपण मुलांना इन्सब्रुकविषयी दोन शब्द सांगावेत.'

बाईंनी पत्राची घडी घातली. "पंचवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं तो माझं खोटं शिकवतोय. आता मी त्याच मुलांपुढे उभी राहून काय सांगू?"

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात सुभाषने वर जेवताना विषय काढला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो आईला नागपूरला पोचवायला जाणार होता. "आई, युरोपात दोन दिवस ब्रेक घेऊ. तिकिटात बसतं. पॅरिस बघायचं की लंडन?"

"इन्सब्रुक," बाई म्हणाल्या.

"इन्सब्रुक? तिथे काय आहे?"

"एक रस्ता आहे."

सुभाषला काही कळलं नाही, पण आईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो कामाला लागला. आणि सुभाष कामाला लागला म्हणजे काय विचारता! लायब्ररीतून तीन गाइडबुकं आली, ऑफिसात इंटरनेटवरून छापलेली पानं आली. तिकीट म्युनिकवरून, तिथून रेल्वेने दोन तास. आठवड्याभरात त्याने तक्ता केला. नऊ दहाला सोन्याच्या पत्र्याचं छप्पर, वीस मिनिटं. नऊ पस्तीसला घड्याळाचा मनोरा. मग राजवाडा, चर्च, नदीवरचा पूल, केबल कार. दीड दिवसात चौदा ठिकाणं, आणि मध्ये सँडविचला पंधरा मिनिटं.

"बाबा, आजीचे गुडघे!" बारा वर्षांची मैत्री म्हणाली. "शी कान्ट रन."

"रन कुठे करायचंय? मी व्हीलचेअर ॲड केलीय. कॉलम सहा बघ."

बाईंनी तक्ता शांतपणे वाचला, परीक्षेचा पेपर वाचावा तसा. "छान केलास," त्या म्हणाल्या. "पण मला एवढं नको. मला त्या रस्त्यावर सोड, तू बाकीची तेरा ठिकाणं बघून ये."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलापुढे मान खाली घालायची त्यांची तयारी नव्हती. मी वर ओरडून सांगू शकले असते तर सांगितलं असतं. पण माझं ओरडणं म्हणजे वाफ, आणि तेव्हा तर तीही निघत नव्हती.

सगळं जमलं, व्हिसाचा शिक्कासुद्धा आला. आणि सप्टेंबरात अडलं. डेट्रॉइटला एका ओळखीच्यांच्या लग्नात बाईंनी चीज घातलेलं काही तरी खाल्लं आणि दोन दिवस आडव्या पडल्या. डॉक्टरांनी बजावलं, ताजं, गरम आणि मऊ, दुसरं काही नाही. शीलाने इन्सब्रुकच्या हॉटेलला फोन केला. रूममध्ये मायक्रोवेव्ह नाही, किचन सकाळी दहाला बंद.

"आई, तुम्ही दोन दिवस काय खाणार तिथे?" शीला म्हणाली. "ब्रेड आणि थंड दूध? परत पोटात दुखायला लागलं तर? परक्या देशात कुठे धावायचं?"

"कॅन्सल करू," सुभाष म्हणाला. "सरळ मुंबई गाठू. पुढच्या वेळी बघू, आई."

पुढची वेळ! एकोणसत्तराव्या वर्षी! जाळीतून मला फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर बाईंची पावलं वाजली, एकेक पायरी थांबत. त्या दिवशी धुवायला कपडे नव्हते. त्या बादलीवर बसल्या आणि मला मांडीवर घेतलं.

"राहिलं ग," त्या म्हणाल्या. "आता शाळेत उभी राहून एक तर पुन्हा खोटं बोलायचं, नाही तर त्या पोराला मुलांपुढे खोटं पाडायचं." आणि बाई रडल्या. शिक्षकांच्या खोलीत कप कमी पडायचे, तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मैत्री आजीला शोधत खाली आली. आजीला रडताना पाहून ती गडबडली. तिने मला आजीच्या मांडीवरून उचललं आणि उगाच उलटीसुलटी करू लागली. आणि मित्रांनो, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी माझा तळ वाचला.

"आजी, व्हॉट्स दिस? टू थर्टी व्होल्ट्स?"

"ती बिघडलीय ग. तुझ्या बाबाने लिहिलं होतं मला."

"इट्स नॉट ब्रोकन!" मैत्रीने नुकतंच शाळेत विजेवर प्रोजेक्ट केलं होतं. "इथे हाफ व्होल्टेज येतं, आजी. हाफ दिलं की पॉवर वन-फोर्थ होते. शी वॉज डूइंग हर बेस्ट!"

बाईंनी डोळे पुसले. "आणि ऑस्ट्रियात किती येतं?"

मैत्री धावत वर गेली आणि एक गाइडबुक घेऊन आली. मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, दोनशे तीस. सुभाषने ते पुस्तक तीनदा वाचलं होतं. मागचं पान वाचलं नव्हतं.

मग घरात एकच गडबड उडाली. सुभाषच्या मित्राकडे, अनिलकडे, विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्यावर त्याच्या घरी पुण्याहून आणलेला मिक्सर चालायचा. अनिलकाका तो छातीशी धरून घेऊन आले. मला ओट्यावर ठेवलं, पाणी भरलं, बटण दाबलं. सगळे गोल करून उभे. सहाव्या मिनिटाला मी गुणगुणायला लागले, आठव्या मिनिटाला झाकण थडथडलं आणि नाकातून वाफेचा असा लोट सोडला की अनिलकाकांचा चष्मा पांढरा झाला. मी स्वतःला शांत स्वभावाची समजते. पण त्या दिवशी मला आनंद झाला, आणि तो मी सगळ्यांना दिसेल असा केला.

"चौदा वर्षं!" अनिलकाका म्हणाले. "सुभाष, तू पीएचडी कशात केलीस रे?"

"स्टॅटिस्टिक्समध्ये," सुभाष पडेल आवाजात म्हणाला.

बाकीचं शीलाने केलं. तांदळाची कणी आणि मुगाची डाळ भाजून, जिरं आणि मीठ घालून तिने पुड्या बांधल्या. "एक पुडी थर्मासमध्ये, वरून उकळतं पाणी, तासभर झाकण लावून ठेवायचं. मऊ भात तयार. आणि आई, पाणी उकळतंच हवं हं, कोमट नाही." ती माझ्याकडे बघून बोलली असं मला वाटलं. नवीच किटली तिथे विकत घ्यावी, असंही तिने सुचवलं. "हीच," बाई म्हणाल्या. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने सुभाषला दोन गोल पिनांचा प्लग दिला. सुभाषने चपटा प्लग कापून तो बसवला. शेवटचा स्क्रू आवळताना तो हळूच म्हणाला, "सॉरी हं." आईला म्हणाला की मला, देव जाणे. मी दोघींच्या वतीने ते ऐकून घेतलं.

आणि असं आम्ही इन्सब्रुकला पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीखाली तोच रस्ता, तीच रंगीत घरं, अगदी पुस्तकातल्यासारखी. फक्त रस्त्याच्या टोकाला डोंगर नव्हता. तिथे ढग होते, राखाडी, जमिनीपर्यंत उतरलेले.

चौदा ठिकाणांच्या तक्त्यात ढगांसाठी कॉलम नव्हता. पहिल्या दिवशी बाई छत्री घेऊन दोनदा त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी चारदा. मधल्या वेळी खिडकीत बसायच्या आणि मी शेजारी पाणी उकळायची. मऊ भात उत्तम होत होता, पोट ठणठणीत होतं. सुभाषने राजवाडा पाहिला, मनोरा पाहिला, आणि मग तक्ता खिशात घालून तोही आईशेजारी येऊन बसला.

"आई, या रस्त्यात एवढं काय आहे? आता तरी सांग."

तेव्हा बाईंनी त्याला सगळं सांगितलं. सातवी ब, ते हसणं, नरेंद्र, पत्र.  मग सुभाषने मला भरलं आणि आईसाठी चहा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा चाळीसची गाडी होती. ढग तसेच होते. सामान घेऊन दोघं खाली गेली आणि गडबडीत मला खिडकीतच विसरली. मी एकटी काचेला टेकून उभी होते. आणि मित्रांनो, अचानक ढग फाटला. पडदा सरकावा तसा बाजूला झाला आणि रस्त्याच्या टोकाला, घरांच्या डोक्यावर, तो उभा होता. पांढराशुभ्र, एवढा जवळ की घाबरायला व्हावं. मी त्याला पाहत होते तेवढ्यात दार उघडलं. मला न्यायला सुभाष आला होता. तो जागच्या जागी थांबला. मग "आई!" असं ओरडत उलटा पळाला. लिफ्ट वर जात होती म्हणून तो जिन्याने गेला. बाई रिसेप्शनजवळ आतल्या खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे ते, दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. त्या रस्त्यावर आल्या तेव्हा पुन्हा ढग.

परत वर येऊन सुभाषने मला उचललं तेव्हा त्याचे डोळे लाल होते. गाडीत तो म्हणाला, "आई, तू पाहिलास असंच सांग ना शाळेत. मी पाहिलाय, खोटं थोडंच आहे?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "कसा होता, ते सांग मला," त्या म्हणाल्या. आणि म्युनिक येईपर्यंत त्या प्रश्न विचारत होत्या आणि तो सांगत होता.

नागपूरला सत्काराच्या दिवशी बाईंनी मला पिशवीतून शाळेत नेलं. नरेंद्र सरांनी ओळख करून दिली. हार झाला, टाळ्या झाल्या. बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या सरांनी मला विचारलं होतं, बाई, तुम्ही आल्प्स पाहिलाय का? मी हो म्हणाले. ते खोटं होतं. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. चूक माझी, तुमच्या सरांची नाही. आता मागच्या आठवड्यात मी त्या रस्त्यावर सात वेळा जाऊन उभी राहिले. ढग होते. मला डोंगर दिसला नाही."

 पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मग बाई, डोंगर तिथे आहे की नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाने पाहिला."

नरेंद्र सर उठले. त्यांनी पुढे येऊन मला उचललं, नळाचं पाणी भरलं आणि स्वतः चहा केला. प्लगचं काय केलं विचाराल, तर शाळेच्या शिपायाने सकाळीच मला पुन्हा तीन पिना बसवून दिल्या होत्या. पहिला कप सरांनी बाईंना दिला, दोन्ही हातांनी.

बाई मला तिथेच ठेवून गेल्या. आता मी पुन्हा त्याच खोलीत आहे. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. महिन्यातून एकदा लिंबाचा रस घालून पाणी उकळा, म्हणजे माझ्या पोटात थर साचणार नाही. आणि कुणी कोमट निघालं तर हसण्याआधी, फळीवर टाकण्याआधी, जरा उलटं करून तळ वाचा. त्याला लागतं किती आणि तुम्ही देताय किती, एवढं बघा.

सातवी ब चा वर्ग भिंतीपलीकडेच आहे. दरवर्षी आल्प्सचा धडा आला की मला नरेंद्र सरांचा आवाज ऐकू येतो. ते मुलांना ते चित्र दाखवतात आणि सांगतात, "माझ्या बाई इथे जाऊन आल्या. त्यांना डोंगर दिसला नाही." हे सांगताना त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा असतो.